हात राखून

जबलपूर आमच्या सावनेरहून फार लांब नाही. १९५६ सालापर्यंत तर ते आणि आम्ही एकाच प्रांताच्या छपराखाली नांदत होतो आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. तेव्हा १८७५ सालच्या पावसाळ्यात जबलपूरच्या छावणीत जे घडले, ते आपल्याच वाड्याच्या मागल्या चौकात घडले असे मानायला मी मोकळा आहे. बाहेर पाऊस, आत फुरसत आणि मेसमध्ये बिलियर्डचे टेबल, अशा त्रिवेणी संगमावर डेव्हनशायर पलटणीच्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने चालू खेळातल्या पंधरा लाल चेंडूंत आणखी काही रंगीत चेंडू मिसळले आणि एक नवाच खेळ मांडला. (पुढे हिटलरशी तह करून आलेले पंतप्रधान ते हे नव्हेत, नाव तेवढे सारखे.) एके दिवशी एका सोबत्याने पॉकेटच्या तोंडाशी आलेला चेंडू घालवला. चेंबरलेन त्याला म्हणाला, ‘तू अगदीच स्नूकर आहेस!’ वुलिचच्या लष्करी विद्यालयात पहिल्या वर्षाच्या नवख्या पोरांना तेव्हा हे नाव होते. सोबती हिरमुसला असावा, कारण चेंबरलेनने लगेच सावरून घेतले, की या खेळात आपण सारेच स्नूकर आहोत. ते नाव खेळाला चिकटले ते चिकटलेच. पुढे उटकमंडच्या क्लबात नियम लिहिले गेले, खेळ विलायतेला गेला, मोठा झाला. पण त्याचे बारसे झाले ते आपल्या शेजारी आणि तेही एका चुकलेल्या सोप्या फटक्यावरून.

मला ही हकीकत फार आवडते. खेळाच्या जन्मपत्रिकेतच चूक लिहिलेली असावी, याहून खरी पत्रिका कोणती?

आता सावनेरच्या मास्तराचा आणि या साहेबी खेळाचा संबंध काय, असे वाचक विचारतील. त्यांचे बरोबर आहे. आमचे गाव संत्र्यांचे, कापसाचे, आणि अलीकडच्या काळात कोळशाच्या खाणींचे. येथे घरोघर कॅरम आहे. उन्हाळ्याच्या सुटीत गल्लीगल्लीतून सोंगट्यांचा टकटकाट ऐकू येतो आणि कोणी जरा जपून मारले, समोरच्याची सोंगटी अडवून ठेवली, की लगेच ‘भेतो का बे?’ असा पुकारा होतो. आमच्याकडे कॅरम म्हणजे शौर्याचे काम. राणी हाती लागण्यासारखी दिसली, की मागे झाकायला सोंगटी आहे की नाही हे न बघता पोरे तिच्यावर तुटून पडतात. अशा गावात काही वर्षांपूर्वी बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका गाळ्यात, स्नूकरचे एक पुरे टेबल आले. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, आणि हिरव्या कापडाखाली पाटीच्या दगडाच्या पाच लाद्या. ते उतरवायला जी माणसे लागली, तेवढी गावात लग्नाच्या मांडवालाही लागत नाहीत. गाळा तळमजल्यावर घेतला तो याच कारणाने. माडीची तुळई हे वजन सोसती ना.

गावाने त्या गाळ्याकडे संशयाने पाहिले. जिथे दुपारी दिवे लागतात, तिथे चांगले काही चालत नसणार, हा आमचा जुना न्याय. मी प्रथम गेलो तो शाळा बुडवून तिथे बसणाऱ्या दोन पोरांना आणायला. पोरे मागच्या दाराने पळाली. मी पुढच्या दाराशी उभा राहिलो आणि तसाच तासभर उभा होतो.

मला धरून ठेवले ते तिथल्या म्हाताऱ्या मार्करने. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, चेंडू लावणारा, कापडाला ब्रश करून इस्त्री फिरवणारा माणूस. साहेबांच्या क्लबांनी हा शब्द आपल्याला दिला. या गृहस्थांचे अर्धे आयुष्य नागपूरच्या एका जुन्या क्लबात बड्या लोकांचे गुण मांडण्यात गेले. त्यांना सारे काका म्हणतात, मीही म्हणतो. काकांना उन्हाळ्यात कापडावर चेंडू किती पळतो आणि श्रावणातल्या दमट हवेत किती अडखळतो, हे हाताच्या तळव्याने कळते. त्या दिवशी एक पोरगा टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या पॉकेटावर नेम धरून बराच वेळ वाकला होता. काका भिंतीशी बसून म्हणाले,

“त्या भोकाकडे कायले पाहतं रे एवढं? लाल चुकला तं पांढरा कुठी जाईन, ते पाय ना!”

पोराने ऐकले नाही. लाल चेंडू पॉकेटच्या ओठावर आपटून परतला, पांढरा टेबलाच्या मधोमध येऊन थांबला, आणि समोरच्याने एका दमात पस्तीस गुण केले.

खेळ ठाऊक नसणाऱ्यांसाठी दोन शब्द सांगतो. लाल चेंडू पंधरा, प्रत्येकी एक गुण. रंगीत सहा: पिवळ्याचे दोन, हिरव्याचे तीन, तपकिरीचे चार, निळ्याचे पाच, गुलाबीचे सहा, काळ्याचे सात. एक लाल, एक रंगीत, पुन्हा लाल, अशी माळ ओवायची. रंगीत चेंडू पुन्हा टेबलावर येतो, लाल येत नाही. लाल संपले की रंगीत चेंडू चढत्या क्रमाने घालायचे. काठी लागते ती फक्त पांढऱ्याला. म्हणजे आपल्या हाती काय तो एक पांढरा. बाकी सारे त्याच्या मार्फत. आणि चेंडू गेला नाही, तर तोच पांढरा, जिथे थांबला असेल तिथून, समोरच्याच्या स्वाधीन करायचा. सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे.

क्रिकेटमध्ये फलंदाज चुकला तर तो स्वतः बाद होतो. येथे चुकणारा बाद होत नाही. तो खुर्चीत जाऊन बसतो आणि आपण मांडून दिलेले ताट दुसरा जेवताना पाहतो. म्हणून या खेळात फटका अवघड आहे की सोपा, हा प्रश्न दुय्यम. अवघड फटका असूनही पांढरा परत जाऊन मागल्या गादीला टेकणार असेल, तर त्यात धोका थोडा. आणि हातभर अंतरावरचा सोपा फटका, पण चुकला तर सहा लाल उघडे पडणार असतील, तर तो फटका मोठ्या जोखमीचा. काका नेहमी हेच पाहतात. पोरे पॉकेट पाहतात; काका, चेंडू न गेल्यावर टेबल कसे दिसेल, ते आधी पाहून घेतात. जणू त्यांचे डोळे पुढल्या मिनिटात उभे राहून मागे वळून बघत असतात.

आपल्या भाषेत ‘हात राखून’ असा एक शब्दप्रयोग आहे. हात राखून वाढणारी बाई, हात राखून देणारा सावकार, हात राखून शिकवणारा मास्तर. यांतले कोणीच आपल्याला आवडत नाही. मलाही हा शब्द कंजूषपणाचाच वाटे. काकांचा खेळ पाहिल्यापासून तो मला दुसऱ्या अंगाने दिसू लागला आहे. लाल चेंडूंच्या पुंजक्यातल्या कडेच्या चेंडूला पांढरा इतका हलका चाटून जातो, की दोघांच्या अंगाला अंग लागले की नाही याची शंका यावी. मग तो पलीकडच्या गादीवर आपटतो, लांबलचक वाट चालत परततो आणि मागल्या गादीला अगदी टेकून उभा राहतो. गुण शून्य. टाळी कोणी वाजवत नाही. पण समोरच्याला आता काठीखाली अर्धाच चेंडू दिसतो, बारा फुटांवर लाल, आणि मारायला काही नाही. याला इंग्रजीत सेफ्टी म्हणतात. मला ते नाव पुरेसे वाटत नाही. सुरक्षित म्हटले की कडी लावून आत बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. काका कडी लावतात खरी, पण बाहेरून. आत समोरचा असतो.

मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा एका गोष्टीची मला जाणीव आहे. कथानायकाला हा फटका कधीच मारू दिला जात नाही. ज्या सावनेरात राम गणेश गडकऱ्यांनी १९१९ च्या जानेवारीत देह ठेवला, त्या गावात राहून मी हे म्हणतो आहे: सुधाकराने पहिलाच प्याला दूर सारून घरची वाट धरली असती, तर सिंधूचा संसार वाचला असता, पण ‘एकच प्याला’ उरले नसते. नाटकाला पोटासाठी माणसाची जोखीम लागते. वाचकालाही लागते, तो आपल्या घरात सुरक्षित बसून दुसऱ्याची जोखीम पाहत असतो. टेबलाभोवतीच्या पोरांचेही तसेच. “मारा!” म्हणून ओरडणाऱ्याच्या खिशातून टेबलाचे भाडे जात नसते.

बिलियर्ड हा स्नूकरचा वडील भाऊ. चेंडू तीनच, स्वभाव शांत. त्यात आपल्या महाराष्ट्राने मोठी माणसे दिली. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. स्वतंत्र भारताला कुठल्याही खेळात मिळालेले ते पहिले वैयक्तिक जगज्जेतेपद. १९६४ साली न्यूझीलंडला जाऊन त्यांनी ते पुन्हा मिळवले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत एका फेरीत ११४९ गुण केले. हजाराच्या पलीकडे गेलेला तो पहिला हौशी खेळाडू. ११४९ म्हटले की आपल्याला वाटते, केवढे धाडस! पण इतके गुण एका दमात धाडसाने होत नाहीत. अवघड फटका चारपाचदा जमेल, शंभरदा जमणार नाही. एवढी मोठी फेरी ही जवळजवळ सारी सोप्या फटक्यांची असते. प्रत्येक फटक्यात पुढचा सोपा होईल एवढीच काळजी घेतलेली असते. काका सांगतात, क्लबात नवखे लोक पट्टीच्या खेळाडूला पाहून कंटाळत आणि म्हणत, याला तर सगळे चेंडू पॉकेटजवळच मिळतात! काका हे सांगताना इतके हसतात, की त्यांना खोकला येतो.

पण मी काकांना जपून खेळणारा माणूस समजून बसू नये, असा एक डाव मागल्या पावसाळ्यात झाला. समोर खाणीत काम करणारा एक तरुण होता; हात चांगला, डोके गरम. टेबलावर निळा, गुलाबी आणि काळा हे तीनच चेंडू उरले. पाच, सहा आणि सात मिळून अठरा. काका वीस गुणांनी मागे. पाळी काकांची, आणि निळा मधल्या पॉकेटासमोर असा उभा, की मीसुद्धा तो घातला असता. पोरे ओरडू लागली, “मारा ना काका! काय पाहून राह्यले?” काकांनी निळ्याला नुसता धक्का देऊन दूर केला आणि पांढरा काळ्याच्या पाठीशी लपवला.

पोरांनी कपाळावर हात मारले. पण हिशेब साधा होता. तिन्ही चेंडू घातले असते तरी अठराच होत होते. सोपा निळा घालणे म्हणजे हसत हसत हरणे. आता समोरच्याला निळा सरळ दिसत नव्हता. तो चुकला, की दंडाचे पाच गुण काकांना. वीसचे पंधरा होतात आणि टेबलावर अठरा उरतातच. म्हणजे जो मागे पडला आहे, ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही नाही, त्यानेच येथे हात राखायचा. आणि जो पुढे आहे त्याने वाटल्यास सोपे चेंडू घालून घरी जावे. हे मला तोपर्यंत उलटे वाटत होते. अडलेला माणूस जुगार खेळतो, असेच आपण सर्वत्र पाहतो. अडलेल्या माणसाने सगळ्यांत जास्त धीर धरावा, हे सांगायला सोपे. त्या दिवशी मी ते करताना पाहिले.

तरुण पहिल्या दोन वेळा गादीवरून वळवून निळ्याला पोचला. तिसऱ्यांदा चुकला. पाच गुण. मग काकांनी निळा घातला, गुलाबी घातला. आता चार गुणांचे अंतर, आणि एकटा काळा टेबलावर. काळा पॉकेटच्या दोन जबड्यांत खडखडला आणि तोंडाशीच राहिला. तरुणाने तो अलगद आत ढकलला. काका हरले. त्यांनी काठी भिंतीला लावली आणि मला म्हणाले, “डाव पुन्हा जिता झाला होता ना, सर?”

एकट्या काळ्यावर येऊन ठेपलेला जगप्रसिद्ध डाव १९८५ सालचा. शेफील्डला जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना. स्टीव्ह डेव्हिस आठ-शून्य असा पुढे होता आणि डेनिस टेलर त्या सबंध सामन्यात एकदाही पुढे गेलेला नव्हता. सतरा-सतरा अशी बरोबरी होऊन शेवटच्या डावात डेव्हिस ६२, टेलर ४४, आणि चार रंगीत चेंडू बाकी. टेलरला चारही हवे होते. त्याने तीन घातले: ६२-५९. मध्यरात्र उलटली होती आणि विलायतेत एक कोटी पंच्याऐंशी लाख माणसे दूरदर्शनपुढे जागी होती. काळ्यावर दोघेही चाचपडले. टेलरने घालायचा प्रयत्न केला, जमला नाही. मग राखून मारले, पुन्हा राखून मारले. शेवटी काळा डेव्हिसपुढे आला. फटका कापून मारायचा होता. त्या काळात डेव्हिसइतका बिनचूक हात कोणाचा नव्हता. त्याने जरा जास्तच कापला. पुढचा फटका टेलरचा, आणि अजिंक्यपदही. ही चित्रफीत मी कैकदा पाहिली आहे. प्रत्येक वेळी मला वाटते, की राखायलाही एक हद्द असते; एक क्षण असा येतो, की टेबलावर लपायला दुसरा चेंडूच उरत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा फटका आहे. लांबचा लाल घालायचा प्रयत्न करायचा, पण पांढऱ्याची वाट अशी धरायची, की लाल गेला नाही तरी तो मागल्या गादीकडे सुखरूप परतावा. गेला तर आपला, न गेला तर कोणाचेच काही गेले नाही. इंग्रजीत याला ‘शॉट टू नथिंग’ म्हणतात. काका ‘फुकटचा शॉट’ म्हणतात. मला हा फार शहाणा फटका वाटला आणि मी तो मनाच्या खिशात टाकून ठेवला.

यंदा जूनमध्ये तो बाहेर काढायचा प्रसंग आला. केळवदकडचे एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन घरी आले. मुलगी आमच्याच शाळेची, दहावीला उत्तम गुण, आणि डॉक्टर व्हायचे हे तिने मनाशी धरलेले. नागपुरात राहून दोन वर्षे प्रवेशपरीक्षेची शिकवणी, खोलीचे भाडे, खानावळ. हा आकडा त्यांच्या तीन एकर संत्र्याच्या बागेला पेलणारा नव्हता. बाग गहाण टाकावी का, हे विचारायला ते आले होते. आमच्याकडे अजूनही लोक हे मास्तरला विचारतात. सल्ला देणाऱ्याचे टेबलाचे भाडे जात नाही, हे मला चहा येईपर्यंत दोनदा आठवले.

मी मुलीला विचारले नाही, की तुला प्रवेश मिळेल का. तो पॉकेटचा प्रश्न. मी विचारले, “नाही मिळाला, तर दोन वर्षांनी तुम्ही दोघे कुठे उभे असाल?” वडील म्हणाले, “बाग जाईन.” मुलगी गप्प राहिली. मग मी माझा फुकटचा शॉट पुढे केला: अकरावी-बारावी सावनेरलाच करावी, अभ्यास घरून करावा, परीक्षा द्यावीच, जमले तर सोने, नाही तर बी.एस्सी. आहे, नर्सिंग आहे, आणि बाग जागच्या जागी.

मुलीने मान वर केली. “सर,” ती म्हणाली, “घरून केलं तं जमायचं नाही. मग ते देऊन काय करू?”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. काकांनाही मी पुढे विचारले, तेव्हा ते म्हणाले, की पांढऱ्याला घरी आणायचे मनात धरून लाल मारला, की लालावरचा नेम थोडा पातळ होतो. फुकटचा म्हणतात, पण पुरा फुकट तो नसतो. आणि आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. टेबलावर चुकणारा आणि भोगणारा एकच. त्या दिवशी माझ्या ओसरीवर फटका मुलीचा होता आणि बाग वडिलांची.

तोड काढली ती वडिलांनीच, माझ्या सल्ल्यावाचून. हा गृहस्थ आजवर एकदाही उक्ता सौदा न करणारा. झाडावरची फळे व्यापाऱ्याला आगाऊ, ठोक भावात देऊन टाकणे त्यांना भेकडपणाचे वाटे. आंबिया बहार स्वतः राखायचा, भाव पाहायचा, आणि माल नागपूरला कळमन्याच्या बाजारात स्वतः न्यायचा. कधी दुप्पट आले, कधी तोडणीचा खर्चही निघाला नाही. यंदा जुलैत, फळे लिंबाएवढी असताना, त्यांनी सबंध बाग व्यापाऱ्याला उक्ती देऊन टाकली. आलेल्या पैशात एका वर्षाची शिकवणी आणि खोली बसते. दुसऱ्या वर्षाचे तेव्हा पाहू. मुलगी नागपूरला गेली.

ऑगस्टमध्ये पाऊस कोसळला आणि आमच्या भागात फळगळ फार झाली. बागांखाली हिरव्या फळांचा सडा पडला होता. परवा ते बाजारात भेटले. दिवाळीनंतर तोडणी आहे, व्यापाऱ्याचा माणूस बागेत झोपडी घालून बसला आहे, मुलीला चाचणीत बरे गुण पडले आहेत, असे सारे त्यांनी उभ्या उभ्या सांगितले. मी पावसाचे विचारले.

“यंदा पह्यल्यांदा रातच्या पावसात झोप लागली, सर,” ते म्हणाले. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत हसले. “आता कळमन्याले भाव चढला, तं उडन.”